ध्वनिसंस्कार: डॉल्बीच्या आधी आणि नंतर

गेल्या काही वर्षांत मराठी बोलण्यात एक परदेशी आडनाव कायमचे वस्तीला आले आहे. ‘वरातीला डॉल्बी लावणार आहेत काय?’, ‘यंदाची मिरवणूक डॉल्बीमुक्त’ अशी वाक्ये कोल्हापूर-सांगलीकडे सर्रास ऐकू येतात आणि आपल्या उत्तर कोकणातही ती कोणाला समजावून सांगावी लागत नाहीत. डॉल्बी म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर माणसाच्या दुप्पट उंचीची रचलेली लाउडस्पीकरची भिंत, जिच्यापुढून जाताना छातीचा पिंजरा हादरतो आणि घरांची तावदाने थरथरतात, असाच अर्थ आता रूढ झाला आहे. ज्याचे हे आडनाव, त्या रे डॉल्बी नावाच्या गृहस्थाने मात्र आयुष्याची उमेदीची वर्षे नको असलेला आवाज नाहीसा करण्यासाठी वेचली होती. दारूबंदीच्या एखाद्या प्रचारकाचे नाव गुत्त्याच्या पाटीवर झळकावे, तसा हा प्रकार झाला.

हा उलटा प्रवास कसा घडला, हे समजून घ्यायचे तर बोलणाऱ्याचे मुख आणि ऐकणाऱ्याचा कान यांच्यामध्ये गेल्या शंभर वर्षांत कोणकोणती यंत्रे येऊन बसली, त्याचा थोडा मागोवा घेतला पाहिजे. ध्वनिक्षेपक आणि कर्णा ही दोन टोके सर्वांच्या परिचयाची आहेत. त्यांच्या मधली यंत्रे मात्र डोळ्यांआड, एखाद्या कपाटात किंवा ध्वनिमुद्रकाच्या टेबलाखाली असतात. आवाजातले चढउतार आवळणारा कंप्रेसर, ठरावीक पातळीपलीकडे त्याला जाऊ न देणारा लिमिटर, जाड-बारीक स्वरांचे प्रमाण बदलणारा इक्वलायझर, कृत्रिम निनाद देणारे रिव्हर्ब, आवाजाला झळाळी आणणारा एक्सायटर अशी त्यांची नावे. या साऱ्यांना मी ‘ध्वनिसंस्कारक’ म्हणेन. संस्कार या शब्दाला आपल्याकडे चांगलाच अर्थ आहे. यंत्रांच्या बाबतीत तो नेहमी चांगलाच निघतो असे मात्र नाही.

या यंत्रांच्या इतिहासाची खरी सुरुवात यंत्रापाशी होत नाही, ती मानवी कानापाशी होते. सन १९३३ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या हार्वी फ्लेचर आणि विल्डन मन्सन या दोन संशोधकांनी एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. आवाज हळू असतो तेव्हा माणसाचा कान अगदी जाड आणि अगदी बारीक स्वरांच्या बाबतीत बराच बहिरा असतो. आवाज वाढत गेला की ही दोन्ही टोके त्याला अधिकाधिक ऐकू येऊ लागतात. म्हणजे तेच गाणे, तेच यंत्र, केवळ आवाज थोडा चढवला की गाणे भरदार आणि स्वच्छ वाटू लागते. दुकानात दोन रेडिओ शेजारी लावून एकाचा आवाज किंचित मोठा ठेवला, तर गिऱ्हाईक बहुधा त्यालाच पसंत करते, आणि आपण ‘मोठा’ निवडला की ‘चांगला’, हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही. कानाच्या या एका सवयीवर पुढे मोठमोठे व्यवसाय उभे राहिले.

पहिली गरज रेडिओची होती. १२ फेब्रुवारी १९३१ रोजी गुल्येल्मो मार्कोनी यांनी उभारलेल्या केंद्रावरून पोप अकरावे पायस लॅटिनमधून बोलले आणि व्हॅटिकन रेडिओचा आरंभ झाला, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेलच. त्या काळच्या प्रक्षेपणात अभियंत्यापुढे सततची अडचण अशी, की वक्त्याने आवाज चढवला तर प्रक्षेपकाची मर्यादा ओलांडून शब्द फाटत, आणि आवाज खाली आणला तर दूरवरच्या श्रोत्याला तो खरखरीत बुडालेला ऐकू येई. म्हणून एक माणूस हाताची बोटे बटणावर ठेवून बसे आणि वक्त्याच्या चढउतारांवर नजर ठेवून आवाज वरखाली करी. सन १९३७ मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीने ११०-ए नावाचे यंत्र आणले. ते आवाजाची शिखरे आपोआप दाबून टाकी. शिखरे दबली की बाकीचा सारा आवाज निर्धास्तपणे वर उचलता येतो. प्रक्षेपकाची शक्ती तेवढीच राहून केंद्र श्रोत्याला अधिक मोठ्याने ऐकू येऊ लागले. दूरच्या, दुबळ्या रेडिओ संचापुढे कान लावून बसलेल्या माणसावर हा उपकारच होता. पण त्याच दिवशी शेजारच्या केंद्रापेक्षा आपले केंद्र मोठ्याने ऐकू यावे, या स्पर्धेचे बीही पेरले गेले.

आता डॉल्बीकडे वळू. रे डॉल्बी यांचा जन्म १९३३ साली अमेरिकेतील पोर्टलंड शहरी झाला. शाळकरी वयातच ते अँपेक्स या ध्वनिमुद्रण यंत्रांच्या कंपनीत काम करू लागले आणि १९५६ मध्ये तिने जगापुढे आणलेल्या चित्रफीत मुद्रण यंत्रात या तरुणाचा मोठा वाटा होता. पुढे इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. त्यानंतरचा टप्पा आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. १९६३ ते १९६५ ही दोन वर्षे ते युनेस्कोचे तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात, चंदीगढच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्थेत होते. फितीवरच्या कुरकुरीचा बंदोबस्त कसा करावा, या विचाराला याच वास्तव्यात आकार आला. १९६५ साली त्यांनी लंडनमध्ये स्वतःची प्रयोगशाळा थाटली.

ही कुरकुर म्हणजे काय? चुंबकीय फितीवर लोहसंयुगाचे असंख्य सूक्ष्म कण असतात. फितीवर काहीही मुद्रित केलेले नसले तरी या कणांचा मिळून एक बारीक ‘स्सस्’ असा आवाज येत राहतो. ज्यांच्या घरी कॅसेट प्लेअर होता त्यांना गाणे सुरू होण्याआधीची ती फुसफुस आठवत असेल. मोठा वाद्यवृंद गरजत असताना ती जाणवत नाही. पण एकटी बासरी मंद स्वरात वाजू लागली की तीच आधी कानावर येते. त्यातच ध्वनिमुद्रणगृहांत एका फितीवरून दुसरीवर प्रती काढण्याची पद्धत वाढत चालली होती आणि प्रत्येक प्रतीबरोबर नव्या फितीची फुसफुस जुनीत मिसळत होती.

यावर जुना उपाय ठाऊक होता. मुद्रण करताना हळू आवाज उचलून घ्यायचा आणि वाजवताना तेवढाच खाली आणायचा. खाली आणताना फितीची फुसफुसही त्याच्याबरोबर खाली जाते. पण या उपायात संपूर्ण आवाज एकदम वरखाली होई. मृदंगाची थाप पडली की फुसफुस वर उसळे आणि थाप विरली की बसे. जणू यंत्र श्वासोच्छ्वास करीत आहे असे वाटे. डॉल्बींचे चातुर्य दोन गोष्टींत होते. एक तर मोठ्या आवाजाला त्यांनी हातच लावला नाही, कारण मोठा आवाज फुसफुशीला आपणच झाकून टाकतो. त्यांनी फक्त हळू आवाज उचलला. दुसरे म्हणजे त्यांनी स्वरपट्ट्याचे चार भाग केले आणि प्रत्येकाचा कारभार स्वतंत्र ठेवला, त्यामुळे खालच्या ढोलाच्या ठोक्याने वरची फुसफुस हलेनाशी झाली. कुरकुर सुमारे १० डेसिबलनी, आणि अगदी बारीक स्वरांत त्याहूनही अधिक, कमी झाली. ब्रिटनची डेक्का ही ध्वनिमुद्रिका कंपनी पहिली ग्राहक झाली. १९६८ साली घरगुती वापरासाठी याच पद्धतीची सोपी, केवळ वरच्या स्वरांपुरती आवृत्ती निघाली, आणि काही वर्षांतच कॅसेट यंत्रांवर दोन ‘डी’ असलेले ते छोटे चिन्ह जगभर दिसू लागले.

या पद्धतीची एक अट होती. जे यंत्र उचलते त्याच्याच तोडीचे यंत्र शेवटी खाली आणायला हवे. दोन्ही टोकांना एकमेकांचा शब्द पाळणारे साक्षीदार असतील तरच व्यवहार पुरा होणार. आणि इथेच मानवी स्वभाव आडवा आला. डॉल्बी पद्धतीने मुद्रित केलेली कॅसेट साध्या, डॉल्बी नसलेल्या यंत्रावर वाजवली की वरचे उचललेले स्वर तसेच राहतात; आवाज चकचकीत, किंचित कर्कश लागतो. अनेकांना तोच आवडला! ज्यांच्या यंत्रावर बटण होते, त्यांच्यातले कित्येक ते मुद्दाम बंद ठेवीत. बटण चालू केले की फुसफुस जाई, पण त्याबरोबर ‘गाण्यातला जीवच जातो’ अशी त्यांची तक्रार असे. आपल्या देशात १९८० च्या दशकात कॅसेटचा पूर आला. टी-सीरिजसारख्या कंपन्यांनी ती स्वस्त करून खेडोपाडी पोहोचवली, आपल्या गायकवृंदांनीही भक्तिगीतांच्या कॅसेट काढल्या, आणि त्या ज्या टेप रेकॉर्डरवर वाजल्या त्यांतल्या बहुतेकांना असल्या सूक्ष्म कराराची वार्ताही नव्हती.

स्वच्छतेपेक्षा झळाळी लोकांना अधिक भुरळ घालते, हे ध्वनिमुद्रणगृहांच्या लवकरच लक्षात आले. १९७० च्या दशकात काही तंत्रज्ञ गायकाच्या आवाजावर डॉल्बीचा अर्धाच विधी करू लागले: उचलायचे, पण खाली आणायचेच नाही. आवाजातला हवेचा स्पर्श, ओठांची हालचाल, श्वास, सारे पुढे येई. कुरकुर घालवण्याचे यंत्र अशा रीतीने साजशृंगाराचे यंत्र बनले. त्याच सुमारास, १९७५ मध्ये, अमेरिकेतील अफेक्स कंपनीने ‘ऑरल एक्सायटर’ नावाची पेटी आणली. ती विकत मिळत नसे. तयार संगीताच्या दर मिनिटाला ३० डॉलर असे तिचे भाडे होते! एका अॅम्प्लिफायरची जोडणी चुकली, त्याच्या एका बाजूने बिघडलेला आवाज येऊ लागला, तो स्वच्छ आवाजात किंचित मिसळला तेव्हा सारेच अधिक उजळ वाटले आणि त्यातून ही कल्पना निघाली, अशी तिची जन्मकथा सांगतात.

या पेटीत होते तरी काय? आवाजाचा वरचा भाग वेगळा काढायचा, त्याला मुद्दाम थोडा बिघडवून मुळात नसलेले वरचे उपस्वर निर्माण करायचे, आणि ते चिमूटभर मूळ आवाजात सोडायचे. आपल्या संगीताच्या जाणकारांना याची कल्पना तानपुऱ्यावरून चटकन येईल. तारेखाली घोडीवर सुताचा एक धागा सरकवून जवारी लावली की साध्या तारेतून उपस्वरांचा झंकार उठतो आणि न छेडलेला गांधार ऐकू येऊ लागतो. मिरजेच्या कारागिरांचे हात या कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या नावाजलेले आहेत. फरक एवढाच, की जवारीतले उपस्वर त्या तारेच्याच पोटातले असतात. एक्सायटरचे उपस्वर त्या कंठात कधी नव्हतेच. पुढच्या दशकात बीबीई नावाच्या पेटीने निराळी वाट धरली. ती जाड स्वरांना क्षणाच्या अगदी सूक्ष्म अंशाने मागे ठेवून बारीक स्वरांना आधी पोहोचू देते आणि वरची-खालची टोके थोडी उचलते. ‘झ’ला ‘झ’पण येते, टाळी खणखणीत लागते. जुनी, मळकट फीत वाचनीय करावी तशी श्रवणीय करायला ही यंत्रे उपयोगी पडतात, हे मान्य करायला हवे. जी फीत मुळातच चांगली आहे, तिच्यावर ती चालवली तर कान पहिल्या पाच मिनिटांत सुखावतो आणि तासाभराने थकतो. नव्या उजेडाची सवय झाली की तो आणखी मागतो, म्हणून बटण हळूहळू पुढे सरकत राहते.

पुढचे प्रकरण मी थोडक्यात उरकतो. १९८२ मध्ये सीडी आली, फितीची फुसफुस मुळातूनच संपली, हळूहून हळू आणि मोठ्याहून मोठा आवाज एकाच तबकडीवर सुखाने राहील एवढी जागा झाली. ही जागा वापरली मात्र कोणी फारशी नाही. कंप्रेसर आणि लिमिटर संगणकात शिरले होते. प्रत्येक कंपनी आपली तबकडी शेजारच्या तबकडीपेक्षा मोठी वाजावी म्हणून शिखरे छाटून सरासरी उचलत गेली. २००८ साली मेटालिका या अमेरिकन वाद्यवृंदाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा संग्रह निघाला, तेव्हा तीच गाणी एका संगणकीय खेळात कमी दाबलेल्या रूपात उपलब्ध होती. चाहत्यांनी दोन्ही ताडून पाहिली आणि सीडी पुन्हा नीट करून द्या म्हणून दहा हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज केला. युरोपातील प्रसारण संघटनेने २०१० मध्ये सरासरी मोठेपणा मोजून सर्व कार्यक्रम एकाच पातळीवर आणण्याचा दंडक घातला. तसेच काही पुढे इंटरनेटवरून गाणी ऐकवणाऱ्या कंपन्यांनी स्वीकारले, म्हणून आता निदान तिथे तरी जास्त ओरडणाऱ्याला जास्त कान मिळत नाहीत. गायकाचा बेसूर सुरात आणणारा ‘ऑटो-ट्यून’ १९९७ मध्ये आला. तेलाच्या शोधासाठी भूकंपलहरींचे गणित करणाऱ्या अँडी हिल्डेब्रँड यांनी तो तयार केला. त्याविषयी इतके लिहून झाले आहे की मी भर घालत नाही.

मुद्रित आवाजाचे एक बरे असते. नको असेल तर तो बंद करता येतो. रस्त्यावरच्या जिवंत आवाजाला बटण नसते. मघाशी ज्या भिंतीचा उल्लेख केला, तिच्यात डॉल्बी कंपनीचे बहुधा काहीच नसते. चित्रपटगृहांच्या पाट्यांवर ‘डॉल्बी’ ही अक्षरे दिसू लागली, तिथला आवाज घुमदार होता, आणि घुमदार आवाज देणाऱ्या कोणत्याही यंत्रसमूहाला लोकांनी तेच नाव दिले, असे मला वाटते. त्या भिंतीमागे असतात ते जाड स्वरांसाठी राखलेले प्रचंड अॅम्प्लिफायर आणि शिखरे छाटणारे लिमिटर. लिमिटर तिथे मूलतः लाउडस्पीकरचा पडदा फाटू नये म्हणून असतो. पण शिखरे छाटली गेल्यामुळे दोन ठोक्यांमधली विश्रांतीही भरून निघते आणि सरासरी पातळी चढते. कानाला मिळणारी एकूण ऊर्जा अशी वाढली की आतील सूक्ष्म केसपेशींना सावरायला उसंत राहत नाही, आणि त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कामगारांच्या आरोग्यासाठी अमेरिकेत सुचवलेले प्रमाण असे आहे: ८५ डेसिबल आवाजात आठ तास, त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला अवघी १५ मिनिटे. आपल्या देशाच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. हा प्रश्न एका धर्माचा वा एका सणाचा नाही. आपल्या लग्नाच्या वरातीही रात्री त्याच भिंतीमागून निघतात, आणि घरात आजारी माणूस पडून असलेला शेजारी संकोचाने गप्प बसतो.

जिवंत आवाजावरच्या संस्काराची दुसरी, अधिक मनोज्ञ कथा चर्चच्या भिंतींतून जाते. मोठ्या दगडी मंदिरात बोललेला शब्द लगेच मरत नाही. तो भिंतींवरून, छतावरून परततो आणि पुढच्या शब्दावर येऊन बसतो. याचे मोजमाप प्रथम केले अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे वॉलेस सॅबाइन यांनी. १८९५ मध्ये तिथल्या फॉग कलासंग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहात शब्द साडेपाच सेकंद घुमत राही आणि व्याख्यान कोणाला कळत नसे. सॅबाइन रात्री शहर शांत झाल्यावर ऑर्गनची एक नळी आणि घड्याळ घेऊन बसत. शेजारच्या नाट्यगृहातून खुर्च्यांच्या गाद्या वाहून आणून, किती गाद्यांनी निनाद किती घटतो हे त्यांनी मोजले. माणसाचे शरीर आणि कपडेही ध्वनी शोषतात, हेही त्यात आले. नाताळच्या मध्यरात्री भरलेल्या चर्चमध्ये प्रवचन नीट कळते आणि साध्या दिवशी सकाळी सात माणसांपुढे केलेले तेच प्रवचन घुमते, याचे उत्तर त्या गाद्यांत आहे.

लॅटिन काळात या निनादाची कोणाला फारशी खंत नव्हती. ग्रेगोरियन गायन एकाच पदराचे, संथ, स्वर लांबवत जाणारे. घुमणारी वास्तू त्याला अंगावर शाल घ्यावी तशी घेते. पण ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला, लोकभाषेतील मिस्सेची वाट मोकळी झाली, आणि मराठीत वाचलेले पहिले वाचन शेवटच्या बाकावरील आजीबाईंना शब्दशः कळणे ही उपासनेचीच गरज बनली. ज्या वास्तू स्वरासाठी घडल्या होत्या, त्यांत आता व्यंजने ऐकू यायला हवी होती. गोव्यातले से कॅथेड्रल असो की आपल्या बाजूची उंच छपराची जुनी चर्चे, लाउडस्पीकर वाढवून हा प्रश्न सुटत नाही. लाउडस्पीकर मोठा केला की निनादही तेवढाच मोठा होतो.

लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये या प्रश्नाला त्याआधीच हात घातला गेला होता. हे अँग्लिकन पंथीयांचे मंदिर सुमारे १५८ मीटर लांब, आणि रिकामे असताना त्यातला निनाद दहा सेकंदांहून अधिक टिकणारा. १९४९ मध्ये जर्मनीतील गटिंगन येथे हेल्मुट हास यांनी आपल्या प्रबंधात दाखवून दिले होते, की एकच आवाज दोन दिशांनी काही हजारांश सेकंदांच्या अंतराने आला, तर कान दोन्ही एक मानतो आणि ज्या दिशेने तो प्रथम आला तिथेच वक्ता आहे असे धरतो. मागाहून येणारा आवाज १० डेसिबलने मोठा असला तरी ही समजूत सहसा ढळत नाही. ब्रिटनच्या इमारत संशोधन केंद्रातील पी. एच. पार्किन आणि जे. एच. टेलर यांनी १९५१ च्या सुमारास यावर सेंट पॉल्सची योजना आखली. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तारेतून मात्र तत्काळ पोहोचतो. म्हणून मागच्या लाउडस्पीकरमधून शब्द आधी निघतो आणि वक्त्याचा खरा आवाज त्याच्या मागून प्रतिध्वनीसारखा येतो. त्यांनी लाउडस्पीकरकडे जाणारा आवाज फिरत्या चुंबकीय चकतीवर मुद्रित केला आणि निरनिराळ्या अंतरांवरच्या शीर्षांनी तो उचलून मागच्या रांगांना हवा तेवढा उशिरा दिला. लाउडस्पीकरही उंच, अरुंद स्तंभासारखे, आवाज घुमटाकडे न उधळता बसलेल्या लोकांच्या दिशेने सोडणारे. परिणाम असा, की मागच्या रांगेतल्या माणसाला वाटावे, धर्मगुरू पुढून बोलत आहेत आणि आपल्याला ते कळते आहे. यंत्र कुठे आहे हे त्याच्या लक्षातच येत नसे. या साऱ्या इतिहासात मला सर्वांत आवडलेला ध्वनिसंस्कार हाच.

आज असा विलंब देणारी सोय साध्या डिजिटल मिक्सरमध्येही मिळते. ती शोधून वापरणारी धर्मग्रामे कमी दिसतात. ‘इको’चे बटण मात्र सर्वांना सापडलेले असते. कृत्रिम निनादाला ध्वनिमुद्रणात मोठा वारसा आहे. शिकागोत बिल पुटनम यांनी १९४७ मध्ये ‘पेग ओ’ माय हार्ट’ या गाण्यासाठी मुद्रणगृहाच्या स्नानगृहाचा घुमार वापरला आणि ते गाणे गाजले. १९५७ पासून जर्मनीतील ईएमटी कंपनीच्या टांगलेल्या पोलादी पत्र्यांनी तेच काम केले. गाद्या-पडद्यांनी कोरड्या केलेल्या खोलीतील गायकाला त्याची गरजच होती. जिथे वास्तू स्वतःच तीन सेकंद घुमते, तिथे वाचनमंचाच्या माइकवर आणखी दोन सेकंदांचा घुमार चढवणे म्हणजे भर पावसात झाडांना पाणी घालणे आहे. गायकवृंदाला हवा तर असू द्यावा, तोही बेताने. वाचनाच्या माइकवर तो शून्यावर ठेवावा, जाड स्वर थोडे कमी करावेत, आणि लाउडस्पीकर छताकडे नव्हे तर बाकांकडे वळवावेत. एवढ्याने प्रेषितांची पत्रे पुष्कळ स्वच्छ कळू लागतात.

गंमत अशी, की ज्या पार्किन यांनी सेंट पॉल्समध्ये निनादावर मात केली, त्यांनाच पुढे निनाद निर्माण करण्याचे काम मिळाले. त्याच लंडनमध्ये १९५१ साली उघडलेले रॉयल फेस्टिव्हल हॉल हे सभागृह वाद्यवृंदासाठी फार कोरडे निघाले. जाड स्वर तिथे टिकतच ना. छतातील पोकळ्यांत सूक्ष्म ध्वनिक्षेपक बसवून, प्रत्येकाला एकेका अरुंद स्वरपट्टीपुरता अॅम्प्लिफायर आणि लाउडस्पीकर देऊन, सुमारे ५८ ते ७०० हर्ट्झमधला निनाद लांबवण्याची योजना त्यांनी केली. अशा १७२ वाहिन्या झाल्या. १९६४ मध्ये तिचे प्रयोग सुरू झाले तेव्हा वादक आणि समीक्षक यांचे मन आधीच कलुषित होऊ नये म्हणून गाजावाजा करण्यात आला नाही. जाड स्वरांचा सुमारे १.४ सेकंदांचा निनाद २ सेकंदांच्या वर गेला, आणि पुढची तीन दशके मोठमोठे वाद्यवृंद त्या छतातल्या यंत्रांच्या साथीने वाजत राहिले. १९९८ च्या सुमारास ती बंद झाली. २००५ ते २००७ या काळात सभागृह दुरुस्तीसाठी मिटवले गेले, तेव्हा व्यासपीठाभोवतालचा भाग, छत आणि भिंती यांचीच फेररचना करून जो निनाद हवा होता तो लाकूड आणि गिलाव्यातून मिळवण्याचा प्रयत्न झाला.